पंचगंगेवरची तिसरी बुडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा करमणूक म्हणूनच वाचतोय. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतली पावलं, मागून येणारी हाक... राग मानू नका. माझा जन्म बनारसचा, घराणं भिक्षुकांचं. वडील - आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो - चाळीस वर्षं पंचगंगा घाटावर लोकांचे विधी सांगत होते. हलवायाच्या पोराला मिठाई नको होते, तसं माझं या सगळ्याच्या बाबतीत लहानपणीच होऊन गेलं. मी बी.एस्सी. केलं, बँकेत लागलो आणि जानवं काढून ठेवलं ते ठेवलंच. भूत, करणी, उतारा, पितृदोष यांतलं काहीही मी तेव्हा मानत नव्हतो आणि आज सदुसष्टाव्या वर्षीही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की म्हातारपणी गडी वळणावर आला. आलेलो नाही.

तर झालं असं, की परवा माझ्या बायकोच्या भाचीने बनारसहून फोटो पाठवले. गंगेत आता क्रूझ चालते म्हणे. एसी, कॉफी, माइकवरून घाटांची माहिती वगैरे. खाली लिहिलं होतं, 'काका, तुमच्या गावात क्रूझवर.' मी तिला कळवलं, बाई गं, आम्ही तुझ्या तीस वर्षं आधी क्रूझ केलीय, आणि तीही पाय मोडलेला असताना. तिला वाटलं मी थट्टा करतोय. नीला, म्हणजे माझी बायको, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "एकदाचं लिहून टाक ते. मी मेले की कोणी साक्षीदारसुद्धा उरणार नाही."

साल १९९५, नोव्हेंबर महिना. मी तेव्हा अडतीस वर्षांचा. नीला आणि मी राजा घाटाच्या वरच्या गल्लीत भाड्याने राहायचो. जुनी मराठी माणसं त्याला अजून अमृतराव घाटच म्हणतात. आमचं मूळ घर तिथून दोन-अडीच किलोमीटरवर, पंचगंगेच्या वर. तिथे आई आणि थोरला भाऊ भास्करदादा. दादाने अण्णांचं काम पुढे चालवलं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, आणि जगात त्याचं पटावं असं माणूस आईखेरीज कोणी नव्हतं. माझ्याशी तर तो तीन वर्षं बोललाच नव्हता.

कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. अण्णा गेले तेव्हा मी खांदा दिला, पण डोक्यावरचे केस उतरवले नाहीत आणि दहा दिवस सुतकात बसलो नाही. चौथ्या दिवशी बँकेत गेलो. मला ते ढोंग वाटत होतं. घाटावर लोकांच्या बापांचं क्रियाकर्म सांगणाऱ्याच्याच घरात धाकटा लेक पँट-शर्ट घालून कामावर निघालेला... गल्लीतल्या मराठी घरांनी महिनाभर तोंडी लावायला तेवढंच घेतलं. दादाने घाटाच्या पायऱ्यांवर, चार लोकांसमोर मला सांगितलं, "आजपासून मला भाऊ नाही." मी म्हटलं, बरं. तेवढ्यावर दोघांचं संपलं.

आता पाय. तो मोडण्यात अमानवीय काहीच नव्हतं. बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये शिडीवर चढलो होतो, शिडी घसरली. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. पाच आठवडे झाले तरी एक्स-रेमध्ये हाड जुळल्याचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे थांबू, नाहीतर ऑपरेशन करून आत सळई घालावी लागेल, आणि तरीही पाय पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही. मी तेव्हा रोज सकाळी अस्सीपर्यंत पळायला जाणारा माणूस होतो. रात्रंदिवस डोक्यात तेवढाच एक विचार, की हा पाय राहतो की जातो.

अशा वेळी आईने निरोप पाठवला. तिला पंचतीर्थी करायची होती. म्हणजे अस्सी, दशाश्वमेध, वरणेचा संगम, पंचगंगा आणि मणिकर्णिका, या पाच ठिकाणी याच क्रमाने स्नान. गुडघे गेलेली माणसं ती नावेतून करतात. आईचा हट्ट होता की दोन्ही लेक एका नावेत पाहिजेत. मी म्हणालो, प्लास्टर आहे. ती रिक्षा करून स्वतः आली आणि दारातूनच म्हणाली, "तुला पाण्यात कोण उतरायला सांगतंय? चुपचाप नावेत बस. माझं सत्तर पार झालंय, मला दोघांना एका जागी बघायचंय. बहाणे नको मला."

तिने आमच्या ओळखीच्या लल्लन मल्लाहाचा, म्हणजे नावाड्याचा, बजडा ठरवला. बजडा म्हणजे मोठी नाव, मधे फळ्या टाकून बसायला जागा, वर आडोसा. सकाळी सातला लल्लनच्या दोन माणसांनी मला खुर्चीसकट उचलून राजा घाटाच्या पायऱ्या उतरवल्या. निघण्याआधी नीलाने प्लास्टरवर बोटांपासून मांडीपर्यंत मेणकापड गुंडाळून वर-खाली रबरी पट्ट्यांनी घट्ट बांधलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढे याच्यावर फार डोकेफोड केलेली आहे. माझी खुर्ची नावेच्या बरोबर मध्ये होती. पाय समोरच्या स्टुलावर. कडेपासून मी चांगला चार-पाच फूट आत होतो.

दादा आधीच नावेच्या नाकाशी बसलेला, आमच्याकडे पाठ करून. मी आल्यावर त्याने मान वळवली नाही. पहिला अर्धा तास आमचं बोलणं असं चाललं होतं:

"आई, त्याला बोल, काठी आडवी ठेवली आहे, मल्लाहाचा पाय अडकेल."

"आई, त्याला सांग, काठी नीलाने ठेवली आहे. तोंड फिरवून बसलं की दिसणार कसं?"

"आई, सकाळी सकाळी मला फालतू बोलायचं नाही, मालूम आहे ना तुला?"

आई दोघांच्या मध्ये बसून वाती वळत होती. नीला मला चिमटा काढत होती. असा आमचा प्रवास. कॉफी नव्हती.

अस्सीला आई आणि नीला उतरून स्नान करून आल्या. दादाने मंत्र सांगितले, स्वतः बुडी मारली. आईचं मन मात्र भरेना. "शरदचं राहिलं," ती माझ्याविषयी म्हणत राहिली. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा पुतळा करून त्याच्या नावाने बुडवायचा. आठवा हिस्सा पुण्य मिळतं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आई, त्याला विचार, मग हाडसुद्धा आठवा हिस्साच जुळेल का?"

दादाने पिशवीतून दर्भ काढला आणि पुतळा करायला लागला. हात फार सफाईदार होता त्याचा. वीतभर उंचीचा माणूस, डोकं, दोन हात, दोन पाय, गाठी मारलेल्या. झाल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायाकडे, पाहिलं. जुन्या धोतराची बोटभर चिंधी फाडली आणि पुतळ्याच्या उजव्या पायाला गुंडाळली. का कोण जाणे, मला ते बघून बरं वाटलं. माझं नाव, गोत्र उच्चारून त्याने तो तीनदा पाण्यात बुडवला, झटकला आणि नावेच्या कडेला ठेवून दिला. मला काहीही झालं नाही. होणार काय होतं?

दशाश्वमेधलाही तेच. मग बराच वेळ नाव उत्तरेला वाहत गेली. पुलाखालून पुढे, वरणेच्या संगमापर्यंत. तिथे तिसरं स्नान झालं, पुतळ्याची बुडी झाली, आणि तिथून परत प्रवाहाविरुद्ध पंचगंगेकडे यायला निघाल्यावर आमचं फाटलं.

सुरुवात माझीच. अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं, प्लास्टरच्या आत खाज सुटून जीव नकोसा झाला होता. मी नीलाला मोठ्याने म्हणालो, की अण्णांना स्वतःलाही यातलं अर्धं पटत नव्हतं, मला ते खाजगीत बोलले होते. हे खरं होतं. पण ते बोलायची जागा ती नव्हती.

दादा उठून उभा राहिला. नाव हलली. आता मध्ये आई नव्हती, तो सरळ माझ्याशी बोलत होता.

"काय बोलले होते अण्णा तुला? कधी बोलले? शेवटचे चार महिने त्यांचं सगळं मी उचललं. ते पाणी मागायचे तरी मला मागायचे. तू रविवारी यायचास, खुर्चीत बसून पेपर वाचायचास. तुला खाजगीत बोलले?"

"तू सेवा केलीस म्हणून त्यांचं तोंड तुझ्या मालकीचं झालं का?"

"त्यांचा मुलगा असतास तर डोकं उतरवलं असतंस."

"डोकं उतरवून कोणी मुलगा होत नाही, दादा. आतून रिकामं असलं की वरून तुळतुळीत करून काय उपयोग?"

नीला म्हणाली, "बस करा."  दादा परत नाकाशी जाऊन बसला. त्याच्या मानेवरची शीर उडत होती ती मला मागून दिसत होती.  मला त्या वेळी त्याचा इतका राग आला होता की तो नावेतून पडला असता तर मी हात दिला नसता. आणि त्याला माझा त्याहून जास्त आला असावा.

पंचगंगा म्हणजे दादाचा घाट. तिथे पोचल्यावर तो स्नान करून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि अण्णांचं तर्पण करायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाचं काही करायचं असलं की जानवं डाव्या खांद्यावर असतं, त्याला सव्य म्हणतात. मेलेल्यांचं, पितरांचं करायचं असलं की ते उजव्या खांद्यावर घ्यायचं, ते अपसव्य. तोंड दक्षिणेला, ओंजळीत काळे तीळ आणि पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं. ते झालं की पहिली गोष्ट म्हणजे जानवं परत डाव्या खांद्यावर. भिक्षुकाच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही हे ठाऊक असतं. दादा हे रोज पाच-दहा वेळा करत होता. विचार न करता आपण शर्टाची बटणं लावतो तसं.

तर्पण संपलं. आई नावेतून म्हणाली, "भास्कर, शरदचं तेवढं करून घे रे."

लल्लनने पुतळा उचलून दादाच्या हातात दिला. दादा तसाच दक्षिणेकडे तोंड करून उभा होता. बोटांना तीळ चिकटलेले. आणि जानवं उजव्या खांद्यावर.

मी ते लगेच पाहिलं. डाव्या-उजव्याचा घोळ नव्हता, तो माझ्यापासून दहा-बारा फुटांवर होता आणि ऊन लख्ख होतं. दादाने माझं नाव घेतलं आणि पुतळा पाण्याखाली नेला. पहिली बुडी. माझ्या तोंडात शब्द आले होते. 'दादा, जानवं.' एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून चेष्टा करणारा मीच. आता ओरडायचं म्हणजे काय, की मला भीती वाटली? दुसरी बुडी. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. मीही पाहिलं. मग तिसरी.

तिसऱ्या बुडीला माझ्या पायात पाणी शिरलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. प्लास्टरच्या आत, बोटांकडून वर, थंडगार पाणी चढत आलं. घोट्यापर्यंत, नडगीवर, गुडघ्याच्या वर. नुसतं गार लागणं नव्हे हो, मला ते हलताना कळत होतं. आणि मग तो अख्खा पाय कोणीतरी खाली ओढला. मी खुर्चीसकट पुढे घसरलो, स्टूल उलटलं, आणि मी ओरडलो. नीलाने मला काखेत धरलं नसतं तर फळीवर आपटलो असतो.

पाण्यात दादा दोन्ही हातांनी चाचपत होता. पुतळा त्याच्या हातातून सुटला होता. दर्भ तरंगतो, तुम्हाला माहीत आहे. तो वर आलाच नाही. लल्लनचा माणूस उडी मारून तळाशी बघून आला. कमरेएवढ्या पाण्यात काही सापडलं नाही.

नीलाने तिथेच मेणकापड सोडून प्लास्टरवरून हात फिरवला. बाहेरून कोरडं ठणठणीत. "घाम असेल," ती म्हणाली.  आतलं पाणी माझ्या हालचालीबरोबर डचमळत होतं.

मग लल्लन दादाला म्हणाला, अगदी हळू, "गुरु, आपन जनेऊ त देखा."

दादाने खाली पाहिलं. त्याचा हात खांद्यावर गेला. त्याने जानवं उचललं, डोक्यावरून काढून डाव्या खांद्यावर घेतलं, आणि नावेत येऊन बसला. या वेळी त्याने पाठ केली नाही. मान खाली घालून बसला.

मणिकर्णिका, म्हणजे जळत्या चितांचा घाट, तेवढं राहिलं होतं. लल्लनने वल्हं हातात घेतलंच नाही. "भइया के लेके ऊ घाट पर हम ना जाब." भय्याला घेऊन त्या घाटावर मी जाणार नाही. मी त्याला म्हणालो, येडा आहेस का. आईने जास्त पैशांचं सांगितलं. तो म्हणाला, "माताजी, नाव हमार ह." आणि त्याने मणिकर्णिका लांबून, थेट पलीकडच्या वाळूच्या अंगाने टाळून आम्हाला राजा घाटावर आणून सोडलं. वाटेत तो एकदाही माझ्याकडे बघेना. पाच तीर्थांची चारच झाली. आईने घाटावर उतरल्यावर दादाला फक्त एवढंच विचारलं, "तू असा कसा रे?" तो गल्लीत शिरला.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिसऱ्या दिवशी प्लास्टरच्या वरच्या तोंडातून वास यायला लागला, शेवाळाचा, चिखलाचा. घाटाच्या सर्वांत खालच्या पायरीला येतो ना, तो. बोटं निळी पडली. नीलाने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्लास्टर कापलं. वरचं कवच इतकं कोरडं होतं की पांढरी पूड उडत होती. आतला कापूस पिळून काढण्याइतका ओला. भुरकट गाळ. नडगीची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, कित्येक दिवस पाण्यात राहिल्यासारखी. आणि त्या कातडीला चिकटलेले काळे तीळ. मी स्वतः मोजले नाहीत, नीलाने कागदात जमा केले. चिमूटभर होते.

डॉक्टर माझ्यावर खेकसले, "गंगा नहाने गए थे? पढ़े-लिखे आदमी हैं आप?" नीलाने सांगितलं, नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता. ओल्या कातडीला जखम होऊन ती चिघळली होती. ते म्हणाले, औषध बदलून तीन दिवस बघू, उतार पडला नाही तर... आणि त्यांनी हाताच्या कडेने गुडघ्याखाली एक रेघ ओढून दाखवली.

त्या संध्याकाळी मला घरी झोपवून नीला पंचगंगेला गेली. ती नागपूरची, शास्त्रातलं तिला काडीचं कळत नाही, पण नावेत काय झालं ते मी तिला सांगितलं होतं. तिने कागदाची पुडी दादाच्या पुढ्यात उघडली आणि म्हणाली, "हे तुमचे तीळ. यांच्या पायातून निघाले. आता पाय कापायचं बोलतायत. तुम्हाला भाऊ नाही ना? मग मला नवरा आहे, त्याचं काय ते सांगा." दादाने एक तीळ बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. मागे आई. हातात तुपाचा डबा, नवं धोतर. आईनेच मला समजावलं. जिवंत माणसाचं चुकून मेलेल्यासारखं केलं गेलं, तर शास्त्राप्रमाणे तो मेलेलाच. त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. अंगाला तूप लावून, न्हाऊ घालून, बारशासारखं नाव ठेवून. ते बापाने करायचं. बाप नसेल तर थोरल्या भावाने. आणि नंतर त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"ते शेवटचं मी विचार करून सांगते," नीला म्हणाली. त्या चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हसलं. आईच होती ती.

मी नको म्हणालो. मानत नाही म्हणालो. पण तापाने अंगात उठायचं त्राण नव्हतं, आणि खरं सांगू का, गुडघ्याखालची ती रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दादाने माझं ऐकलंच नाही. बाही वर करून त्याने माझ्या कपाळापासून तळव्यापर्यंत तूप चोळलं. मोडका पाय त्याने शेवटी घेतला, आणि जखमेच्या कडेकडेने त्याची बोटं इतकी सांभाळून फिरत होती की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली. मला नव्या धोतरात गुंडाळलं. मधाचं बोट चाटवलं. कानाशी तोंड आणून म्हणाला, "शरद." मग तसाच थांबला.

"रड," म्हणाला.

"काय?"

"मूल जन्मलं की रडतं. रडल्याशिवाय पुरं होत नाही. रड."

अडतीस वर्षांचा घोडा मी, तुपाने माखलेला, धोतरात गुंडाळलेला. मला हसू यायला पाहिजे होतं. मी रडलो. नुसता नाही, घरमालकीण धावत वर आली असा रडलो. दादा शेजारी बसून राहिला. मला थोपटलं वगैरे काही नाही. थांबलो तेव्हा हात धुऊन निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. बोटांचा रंग आठवड्याने परतला. नऊ आठवड्यांनी हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, नव्या अँटिबायोटिकला यश आलं. मला ते पूर्ण मान्य आहे. औषध आदल्याच दिवशी सुरू झालं होतं, लॉजिक बरोबर बसतं. पाण्याचंही मी जमवून पाहिलंय. मेणकापडाखाली घाम साचला असेल. ओढ जाणवली ती स्टूल सरकल्याने. भ्रम असेल. गाळ मात्र जमत नाही, आणि तीळ तर अजिबात जमत नाहीत. मांडीवर घट्ट बांधलेलं मेणकापड, त्याच्याखाली प्लास्टर, त्याच्याखाली कापूस. तीळ आत जायला वाट कुठून? तीस वर्षं मी ती वाट शोधतोय. ज्याला सापडेल त्याने मला अवश्य कळवावं.

दादाशी पुढे बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. प्रेम उतू गेलं असं काही समजू नका. सत्त्याण्णवला माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. दादा ओसरीत मटार सोलत बसला होता. खाली रिक्षा उभी होती. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"दादा, त्या दिवशी जानवं... विसरलास, की मुद्दाम?"

त्याने दोन-तीन शेंगा सोलल्या.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"तिसऱ्या बुडीला?"

"नाही. पहिल्याच."

त्याने दाणे ताटात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं. नावेतून पाहिलं होतं तसंच, सरळ.

"मग पुढे अजून दोन बुड्या होत्या, शरद. तू ओरडला का नाहीस?"

मी म्हणालो, रिक्षा खोळंबली आहे, आणि पायऱ्या उतरलो. दादा जाऊन आता बारा वर्षं झाली.